धोट्याची एक्केचाळिसावी चाल

काळाचौकीच्या प्रगती वाचनालयात वरच्या मजल्यावर बुद्धिबळ मंडळाची खोली आहे. खोलीत भिंतभर एक काळा फळा, आणि त्यावर गेल्या पन्नास वर्षांतल्या विजेत्यांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेली. दीपिका त्या फळ्याखाली गुडघे टेकून नेटवर्कची केबल भिंतीच्या कडेने चिकटवत होती. मान अवघडली म्हणून वर पाहिलं, तेव्हा तिला ती ओळ दिसली. ‘१९९७, संगणक स्पर्धा: निकाल रद्द.’ बाकी सगळ्या ओळींत माणसाचं नाव होतं.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासाठी हितेंद्र लाड यांनी तिला बोलावलं होतं. ते मंडळाचे सचिव, साठी ओलांडलेले, निवृत्त इंजिनियर. दीपिकाचं स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेलं. तिने बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांना नेटवर्कवरून एकमेकांशी जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. एकाची चाल उचलायची, दुसऱ्याला सांगायची, त्याचं उत्तर परत आणायचं. म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं होतं निरोप्या. रविवारी सभासदांचे प्रोग्रॅम आपापल्या लॅपटॉपवरून एकमेकांशी खेळणार होते आणि लोक नुसते बघणार होते.

“सर, हा निकाल रद्द का झाला?” तिने विचारलं.

“ते जाऊ दे गं. जुनी भानगड.”

“सांगा की.”

हितेंद्रनी चष्मा कपाळावर चढवला. “तेव्हा तुझा निरोप्या नव्हता. दोघं आपापल्या मशीनसमोर बसायचे. माझ्या मशीनने चाल दाखवली की मी मोठ्याने सांगायची, समोरच्याने आपल्या मशीनमध्ये टाइप करायची. सगळं भरवशावर. फायनलला माझा गरुड होता आणि समोर धोटा नावाचा प्रोग्रॅम. एक्केचाळिसाव्या चालीला त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. आता कोणीही काय घेईल? वजीर. या गृहस्थाने सांगितलं, घोडा. त्या घोड्याने माझ्या राजाला शह दिला आणि त्याच दमात वजीरही खाल्ला. त्या काळी घरी लिहिलेला एकही प्रोग्रॅम वजिराशिवाय दुसरं काही घेत नव्हता. ही माणसाची चाल होती. बोट घातलं त्याने.”

“कोणी?”

“रामदास कासारे म्हणून होते. मिलमध्ये वायरमन. हुशार माणूस, नाही म्हणत नाही मी.”

दीपिकाच्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली. “ते माझे मामा आहेत,” ती म्हणाली.

हितेंद्रनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, “माझं म्हणणं तेच आहे. मामा असले तरी.”

“ठीक आहे. मग हात न लावता दोघांना पुन्हा खेळवू या. तुमचा गरुड आहे अजून?”

“आहे.”

“दोघांत कुठे चिठ्ठ्या टाकल्यासारखी चाल निवडलेली होती का?”

“छे. ठरलेल्या पातळीपर्यंत विचार करायचा आणि सर्वांत चांगली वाटेल ती खेळायची. दोघांचीही पातळी पाच होती.”

“मग पट तोच असेल तर चाल तीच यायला हवी. हजार वेळा खेळवलं तरी. आणि मामांनी बोट घातलं असेल, तर एक्केचाळिसाव्या चालीला घोडा येणार नाही.”

हितेंद्रनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना हिशेब पटला होता, आणि पटला याचा थोडा रागही आला होता. त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडून एक पिवळा पडलेला लखोटा काढला. “धोट्याची फ्लॉपी. त्याच दिवशी जप्त केलेली. तीन पंचांच्या सह्या आहेत. रविवारी सगळ्यांसमोर हीच उघडायची, तुझ्या मामाकडची प्रत चालणार नाही. गरुड मी तुला पेन ड्राइव्हवर देतो, तालीम कर हवी तर. घोडा आला तर फळ्यावर नाव मी स्वतः रंगवीन. नाही आला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तूही, आणि त्यांनीही.”

रामदासमामा परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत. वय एकाहत्तर. मिल बंद पडल्यावर त्यांनी एका संगणक क्लासची वायरिंगची कामं धरली होती. दुपारी क्लास रिकामा असायचा, तेव्हा तिथल्याच मशीनवर बसून त्यांनी तीन वर्षांत धोटा लिहिला. मागावर इकडून तिकडे सतत पळतो तो धोटा. त्यांना ते नाव आवडलं होतं. सत्त्याण्णव सालानंतर ते वाचनालयाचा जिना चढले नव्हते. विहारात रविवारी पोरांना बुद्धिबळ शिकवायचे, पण स्पर्धेचं नाव कोणी काढलं की पाणी प्यायला उठायचे.

दीपिकाने सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले. मामीच बोलल्या.

“कशाला उकरायचं?” कमळाबाई भाजी निवडत म्हणाल्या. “सहा महिने हा माणूस जेवताना बोलत नव्हता. शेजारपाजारचे विचारायचे, काय हो, मशीनच्या नावाखाली तुम्हीच खेळलात का. आता कुठे सगळे विसरलेत.”

“मामा विसरलेत का?” दीपिकाने विचारलं.

मामी गवार मोडायच्या थांबल्या.

“दीपे,” मामा शेवटी म्हणाले, “तुला एक सांगू? मी स्क्रीनवर घोडा बघितला आणि घोडा म्हणालो. एवढं मला आठवतंय. पण घोडा घ्यायची अक्कल मी धोट्याला दिली नव्हती. वजीर, हत्ती, उंट, घोडा यांतलं बघून निवड, असं मी कधी लिहिलंच नाही. मग तो आला कुठून? पाच-दहा वर्षं मी स्वतःशी भांडलो. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, की कदाचित मला दिसलं वेगळं आणि मी बोललो वेगळं. चाल मला आधीच सुचली होती ना. सुचली होती, हे खोटं नाही.”

म्हणजे आरोप हितेंद्रचा एकट्याचा राहिला नव्हता. दीपिकाने बॅगेतून दोन लॅपटॉप काढले.

“प्रोग्रॅम कुठे आहे?”

धोटा मामांनी टाकला नव्हता. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर, दर काही वर्षांनी त्यांनी तो नव्या डबीत भरून ठेवला होता. मूळ लिखाण मात्र क्लासच्या मशीनबरोबर भंगारात गेलं होतं. उरला होता तो फक्त चालणारा प्रोग्रॅम. आत काय आहे ते उघडून वाचायची सोय नव्हती.

जोडणी सोपी नव्हती. हल्लीच्या प्रोग्रॅमांची एक ठरलेली भाषा असते, त्या भाषेत निरोप्याने विचारलं की ते चाल सांगतात. हे दोघे त्या भाषेच्या आधी जन्मलेले. त्यांना फक्त कीबोर्ड आणि स्क्रीन माहीत. दीपिकाने दोन्ही लॅपटॉपवर जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम चढवला. त्याच्या पोटात धोट्याला ठेवलं की त्याला वाटायचं, आपण अजून क्लासच्याच मशीनवर आहोत. मग निरोप्याला दोन नवी कामं शिकवली. धोट्याच्या स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचायची आणि केबलवरून पलीकडे पाठवायची. पलीकडे ती ओळ गरुडाला अशी द्यायची, की कोणी बोटांनी टाइप करतंय असं त्याला वाटावं. दोन दिवस यातच गेले. पहिल्यांदा निरोप्या इतक्या वेगाने टाइप करायचा की गरुड अर्धी अक्षरं गिळायचा. तिने दोन अक्षरांमध्ये क्षणभर विश्रांती घातली, तेव्हा तो नीट जेवू लागला.

शुक्रवारी दुपारी मामांच्या टेबलावर तालीम झाली. हितेंद्रनी १९९७ चा चालींचा कागद जपून ठेवला होता. त्याचा फोटो दीपिकाने मोबाइलवर उघडला. पहिली चाल जुळली. दहावी जुळली. विसाव्या चालीला मामा खुर्ची ओढून जवळ आले. तिसाव्याला मामी ओल्या हातांनीच मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हीच. हीच खेळला होता,” मामा दर चालीला पुटपुटत होते.

चाळीस चाली अक्षरशः जुळल्या. एक्केचाळिसावी: g7 वरचं पांढरं प्यादं g8 मध्ये, शेवटच्या घरात. निरोप्याने ओळ उचलली, पलीकडे दिली, गरुडाने उत्तर दिलं, आणि सगळं थांबलं. धोट्याच्या स्क्रीनवर ओळ आली: ही चाल नियमात बसत नाही.

दीपिकाने दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. गरुडाच्या पटावर g8 मध्ये वजीर उभा होता. धोट्याच्या पटावर त्याच घरात घोडा.

मामांनी हात पुढे करून स्क्रीनवरच्या घोड्याला बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

“माझा हात नव्हता,” ते म्हणाले. “कमळ, बघितलंस ना? मी इकडे बसलो होतो.”

“मी तेव्हाही हेच म्हणत होते,” मामी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत ओट्याकडे गेल्या.

दीपिकाला मात्र अजून नाचता येत नव्हतं. घोडा आला, पण का आला हे माहीत नव्हतं. ज्याचं कारण माहीत नाही ते उत्तर रविवारी हितेंद्र एका प्रश्नात पाडतील. आणि आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. धोट्याने पाठवलेल्या ओळीत नुसतं g7-g8 होतं. प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचं काय झालं हे प्रत्येक प्रोग्रॅम लिहितो. धोट्याने लिहिलं नव्हतं, म्हणून निरोप्याने नेहमीसारखा वजीर समजून घेतला होता. धोट्याला ते लिहायची गरज का वाटली नाही?

तिने कोरा पट घेतला. दोन राजे, आणि एक पांढरं प्यादं सातव्या ओळीत. पहिल्यांदा ते a च्या, म्हणजे डाव्या कडेच्या, रांगेत ठेवलं आणि धोट्याला खेळायला सांगितलं. प्यादं पुढे गेलं आणि हत्ती झालं. पुन्हा पट मांडून b मध्ये ठेवलं. घोडा. c मध्ये उंट. d मध्ये वजीर. e मध्ये वजीर. f मध्ये उंट. g मध्ये घोडा. h मध्ये हत्ती. आठही निकाल तिने वहीत एकाखाली एक लिहिले आणि वही मामांसमोर सरकवली.

मामांनी यादी वाचली. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यांनी कपाळावर हात मारला.

“अरे देवा. गणपतआबा.”

“कोण?”

“आपल्या चाळीतलेच. मिलच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. धोटा पहिल्यांदा खेळला तो त्यांच्याशी. ते देशी नियमाने खेळायचे. सगळेच म्हातारे तसेच खेळायचे इथे. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तो मोहरा होणार. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती. राजाच्या घरात गेलं तर वजीर. त्यांच्यासाठी मी तसंच लिहिलं होतं. नंतर स्पर्धेसाठी सगळं आंतरराष्ट्रीय केलं. किल्लेकोट घातला, प्याद्याची दोन घरांची उडी घातली. ही एक जागा राहूनच गेली.”

“आणि कोणाच्या लक्षात नाही आलं?”

“येणार कसं? धोट्याशी खेळणारे सगळे चाळीतले. हत्तीच्या घरात हत्ती आला तर आबा म्हणायचे, बरोबर आहे.”

दीपिका हसायला लागली, आणि तिला थांबताच येईना. आता सगळं एका रेषेत आलं होतं. देशी नियमात घरच मोहरा ठरवतं, मग ओळीत तो वेगळा लिहायचा कशाला? g8 हे घोड्याचं घर. धोट्याला तिथे घोड्यावाचून दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्याने पाच चाली पुढे पाहिलं आणि घोडा झाल्यावर वजीर मिळतो हे त्याला स्वच्छ दिसलं. गरुडाला विचार करताना फक्त वजीर दिसायचा, म्हणून तो आपला राजा निर्धास्तपणे त्या घोड्याच्या टप्प्यात घेऊन गेला.

मामा मात्र हसत नव्हते. “म्हणजे ती चूक होती, दीपे. सत्तावीस वर्षं मी धरून बसलो की माझ्या धोट्याला काहीतरी मोठं सुचलं. सुचलं बिचलं काही नव्हतं.”

“आधीच्या चाळीस चाली कोणी खेळल्या? गरुडाचा राजा त्या घरात कोणी आणला?”

मामांनी वही पुन्हा जवळ ओढली.

“हे सांगायचं का रविवारी?” तिने विचारलं. “नुसता घोडा दाखवला तरी आपण जिंकतो. कारण सांगितलं तर कोणीतरी म्हणेल, तुमचा प्रोग्रॅम वेगळ्याच नियमाने खेळत होता, निकाल रद्दच बरोबर.”

“सांगायचं,” मामा लगेच म्हणाले. “एकदा माझ्यावर झाकपाक केल्याचा आळ आला. आता खरोखरची नको.”

रविवारी अकरा वाजता मामा वाचनालयाचा जिना चढले. प्रत्येक पायरीवर कठड्याला हात लावत, पण कुठेही न थांबता. मामी इस्त्रीची साडी नेसून मागे. वर साठ-सत्तर माणसं होती. हितेंद्र पुढे आले.

“या, रामदासभाऊ.”

“आलो, हितेंद्र.”

एवढंच झालं. मामा पहिल्या रांगेत बसले, आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले.

लखोटा रघुवीर यांनी उघडला. ऐंशीच्या पुढचे हे गृहस्थ त्या वेळी मुख्य पंच होते, तीन सह्यांतली पहिली त्यांची. दीपिकाने लॅमिंग्टन रोडवरून फ्लॉपी वाचायचं एक यंत्र शोधून आणलं होतं. फ्लॉपी आत गेली. यंत्र खरखरलं, थांबलं, आणि स्क्रीनवर आलं: वाचता येत नाही. मामांकडची प्रत चालणार नव्हती, तसं ठरलं होतं. तिने फ्लॉपी बाहेर काढली, पत्र्याची पट्टी हळूच सरकवून आत फुंकर मारली, आणि पुन्हा घातली. यंत्र बराच वेळ खरखरत राहिलं. मग एक एक करून धोट्याच्या फायली दिसू लागल्या.

गरुड हितेंद्रच्या लॅपटॉपवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये केबल. दोन्ही कीबोर्ड दीपिकाने वर्तमानपत्राने झाकले आणि प्रत्येकाशेजारी एक सभासद पहाऱ्याला बसवला. मग ती फळ्याखाली उभी राहिली.

“सुरू करायच्या आधी सांगते,” ती म्हणाली. “एक्केचाळिसाव्या चालीला घोडा येईल. आणि का येईल तेही सांगते.”

तिने आठ घरांची यादी वाचून दाखवली. देशी नियमाचं नाव निघताच मागच्या रांगेतले दोन म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. ओळीत मोहरा नसतो, म्हणून निरोप्या आता घरावरून मोहरा ओळखून गरुडाला कळवेल, हेही तिने सांगितलं. एवढाच बदल तिने केला होता, आणि तोही मध्यस्थात.

हितेंद्र उठले. “म्हणजे प्रोग्रॅम चुकीच्या नियमाने खेळत होता. मग निकाल टिकत नाही.”

रघुवीरनी काठी जमिनीवर टेकली. “हितेंद्र, आंतरराष्ट्रीय नियमात प्याद्याचा घोडा करता येतो की नाही?”

“येतो, पण...”

“मग चाल नियमात आहे. त्याच्या डोक्यात काय होतं ते पंच विचारत नाही. तुझ्या गरुडाच्या डोक्यात काय होतं ते मी विचारलं होतं का? आणि तुझी तक्रार नियमाची नव्हतीच, बोटाची होती. बस खाली. चालू करा.”

दीपिकाने निरोप्या सुरू केला आणि दोन पावलं मागे सरकली.

समोर लावलेल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर चाली येऊ लागल्या. रघुवीर जुना कागद हातात धरून प्रत्येक चाल मोठ्याने वाचत होते आणि पेन्सिलीने खूण करत होते. सुरुवातीला लोक कुजबुजत होते. पंचविसाव्या चालीनंतर फक्त रघुवीरांचा आवाज आणि पंख्याची घरघर राहिली. पस्तीस. छत्तीस. गरुडाचा राजा पटाच्या मधोमध आला. एकोणचाळीस. चाळीसला तो f6 वर येऊन उभा राहिला, प्याद्याला खेटून, अगदी निर्धास्त.

धोटा विचार करत होता. मामांचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत.

g7-g8. निरोप्याने ओळ उचलली. पलीकडे गरुडाच्या पटावर प्यादं नाहीसं झालं आणि त्या जागी घोडा उभा राहिला. राजाला शह, आणि बाजूला वजीर उघडा.

“घोडा,” रघुवीर म्हणाले आणि खूण केली.

खोलीत असा आवाज झाला की खालच्या वाचनकक्षातून कोणीतरी वर आलं बघायला. मामी खुर्चीवरून उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मागचे दोन म्हातारे ओरडत होते, “घोड्याच्या घरात घोडाच येणार, बरोबर आहे.” दीपिकाने मामांकडे पाहिलं. ते रडत नव्हते, हसतही नव्हते. दोन्ही तळहात वर करून त्यांच्याकडे बघत होते.

पुढच्या बारा चालींत धोट्याने गरुडाला मात दिली. कागदावरच्या शेवटच्या चालीपर्यंत सगळ्या खुणा झाल्या.

हितेंद्रनी आपला लॅपटॉप मिटला. मग ते मामांपाशी आले. “मी गरुडाला घोडा घ्यायला शिकवलं नव्हतं,” ते म्हणाले. “म्हणून मला वाटलं, कोणीच शिकवलं नसणार. चुकलं माझं, रामदासभाऊ. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो.”

“शिकवलं मीही नव्हतं,” मामा म्हणाले. “गणपतआबांनी शिकवलं.”

हशा झाला, आणि हितेंद्रही त्यात सापडले. त्यांनी कपाटातून काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे डबे आणि बारीक ब्रश आणले. दोघांनी स्टूल धरलं. ‘निकाल रद्द’ ही अक्षरं त्यांनी आधी काळ्या रंगाने पुसली, ती वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले, आणि मग ब्रश पांढऱ्यात बुडवला.

“रामदास कासारे. बरोबर? पुढे वडिलांचं नाव घालू?”

“थांबा,” मामा म्हणाले. ते उठून फळ्यापर्यंत आले. “माझं नाव नको. धोटा लिहा.”

“अहो, सगळ्यांची नावंच आहेत इथे. तुमचा मान आहे हा.”

“सत्तावीस वर्षं मी सांगतोय की ती चाल माझी नव्हती, त्याची होती,” मामा म्हणाले. “आता तिथे माझं नाव लिहिलंत, तर तुमचंच खरं ठरेल.”

हितेंद्रनी स्टुलावरून वळून मामांकडे पाहिलं. मग मोठ्याने हसले, इतके की स्टूल धरणाऱ्यांना ते घट्ट आवळावं लागलं. आणि वळणदार, ठसठशीत अक्षरांत त्यांनी ओळ पुरी केली: १९९७, संगणक स्पर्धा: धोटा.